चेन की शाफ्ट? जुन्या जपानी मोटरसायकलींविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : मागच्या चाकाला ताकद पोचवायला होंडाने १९६९ च्या सीबी ७५० ला चेन दिली आणि १९७५ च्या गोल्ड विंगला शाफ्ट (फिरता दांडा). चेनमध्ये दोष होता म्हणून हा बदल झाला का? (नाशिक)

उत्तर : मुख्य कारण इंजिनाच्या मांडणीत आहे. सीबी ७५० चे चार सिलिंडर गाडीच्या रुंदीच्या दिशेने आडव्या रांगेत असल्यामुळे क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा), गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि मागचा ॲक्सल एकमेकांना समांतर येतात. अशा समांतर शाफ्टमध्ये ताकद पोचवायला चेनइतके हलके, स्वस्त आणि कमी ताकद खाणारे साधन नाही. गोल्ड विंग जीएल १००० चा क्रँकशाफ्ट मात्र गाडीच्या लांबीच्या दिशेने होता, त्यामुळे ताकदीला फक्त मागच्या चाकापाशी काटकोनात वळावे लागे. लांबच्या प्रवासासाठी बांधलेल्या या गाडीला शाफ्ट सहज शोभला.

यामाहा एक्सएस ७५० आणि सुझुकी जीएस ८५० जी यांनी मात्र आडव्या इंजिनालाच शाफ्ट जोडला. तेथे ताकद दोनदा वळते, एकदा गिअरबॉक्सच्या बाहेर पडताना आणि एकदा चाकापाशी. वजन वाढते आणि थोडी ताकद वाटेतच खर्ची पडते. तरीही रोज दूरवर जाणाऱ्यांना हा सौदा परवडत असे, आणि माझ्या मते तो योग्यही होता. जपानला शाफ्ट नवा होता असेही नाही. हमामात्सूच्या मारुशो कंपनीच्या लायलॅक गाड्यांवर तो १९५० च्या दशकातच होता.

प्रश्न : जर्मनीत जुनी होंडा सीएक्स ५०० घेण्याचा विचार आहे. शाफ्टला काहीच करावे लागत नाही, असे विकणारा म्हणतो. हे खरे आहे का? (श्टुटगार्ट)

उत्तर : हे म्हणणे मान्य करू नका. शाफ्टची देखभाल कमी असते, पण ती डोळ्यांआड असल्यामुळे वर्षानुवर्षे राहून जाते. शक्य असेल तर मागचे चाक उतरवून घ्या आणि चाकाला ताकद देणाऱ्या स्प्लाइन्स (एकमेकांत अडकणारे खाचांचे दाते) कापडाने पुसून उजेडात पाहा. चांगल्या स्प्लाइनच्या दात्याचा माथा सपाट असतो. झिजलेला दाता वर निमुळता होत जाऊन सुरीच्या धारेसारखा दिसतो. खाचांत तांबूस कोरडी भुकटी असेल, तर तेथे बराच काळ वंगण पोचलेले नाही असे समजावे. दाते चांगले असतील तर मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे प्रमाण भरपूर असलेली पेस्ट लावावी आणि टायर बदलण्याच्या प्रत्येक वेळी हे काम पुन्हा करावे. साधे ग्रीस तेथे टिकत नाही. चाकापाशी असलेल्या क्राऊन-पिनियनच्या (ताकद काटकोनात वळवणाऱ्या मोठ्या व लहान दातेरी चाकांच्या) घरातले गिअर ऑइलही काढून पाहा. त्यात धातूचे चमकदार तुकडे दिसले, तर किंमत कितीही कमी असली तरी व्यवहार सोडून द्यावा, कारण या घराची दुरुस्ती चेन आणि स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाके) यांच्या पूर्ण संचापेक्षा पुष्कळ महाग पडते.

प्रश्न : माझ्या यामाहा एक्सएस ११०० चा मागचा भाग ॲक्सिलरेटर देताच वर उचलला जातो. हा बिघाड आहे का? (मेलबर्न)

उत्तर : नाही, तो त्या काळच्या शाफ्टचा स्वभावच आहे. पिनियन क्राऊनवर चढू पाहतो आणि त्या जोराने मागचा भाग वर येतो. ॲक्सिलरेटर सोडला की तो खाली बसतो. म्हणून वळणात असताना ॲक्सिलरेटर एकदम सोडू नये, कारण त्याच क्षणी गाडी आणि रस्ता यांतले अंतर कमी होते.

प्रश्न : माझ्याकडे राजदूत ३५० आहे. पावसाळ्यात चेन फार त्रास देते. ओ-रिंगची चेन बसवू का? (पुणे)

उत्तर : बसवता येईल, पण सांध्यांत वंगण धरून ठेवणाऱ्या रबरी रिंगांमुळे ती साध्या चेनपेक्षा रुंद असते; म्हणून पुढच्या स्प्रॉकेटपाशी ती इंजिनाच्या केसला किंवा कव्हरला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून आधी पाहावे. ही गाडी मुळात यामाहा आरडी ३५० असल्यामुळे चेन हेच तिचे स्वाभाविक साधन आहे. ओ-रिंगची चेन रॉकेलने आणि मऊ ब्रशने धुवावी; पेट्रोल व तारेचा ब्रश रबराच्या रिंगा खराब करतात. ताण एकाच ठिकाणी मोजू नका: मुख्य स्टँडवर चाक फिरवत चेन सर्वांत घट्ट कोठे होते ते शोधा आणि तेथे खालच्या बाजूला मध्यावर साधारण २० ते २५ मिलिमीटर ढील ठेवा. चेन बदलताना दोन्ही स्प्रॉकेटही बदला, कारण झिजलेले दाते नवी चेन लवकर खातात. चेन-लॉकची (चेनची दोन टोके जोडणाऱ्या कडीची) क्लिप बसवताना तिचे बंद टोक चेन पुढे धावते त्या दिशेला हवे.