रंग चढत नाही? आधी दोन धागे जाळून बघा

प्रश्न (निपाणी): बाजारातली रंगाची पुडी आणून पांढरा कुर्ता लाल केला. पहिल्याच धुण्यात फिक्कट गुलाबी झाला. पुडी डुप्लिकेट असेल का?

पुडीला नावं ठेवण्याआधी आतल्या शिवणीतले दोन धागे ओढा, चिमट्यात धरून पेटवा. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राख आली तर कापड सुती. वितळून टणक गोळी झाली तर पॉलिएस्टर, त्यावर हा रंग बसतच नाही. थोडी राख, थोडी गोळी म्हणजे टेरिकॉट. त्यातले सुती धागे तेवढे रंग धरतात, म्हणून सगळंच फिकं दिसतं.

कुर्ता सुती निघाला तरी साधी पुडी बहुधा मीठ घालून उकळायची असते आणि दर धुण्याला थोडी सुटतेच. पक्का रंग हवा तर दुकानात रिअॅक्टिव्ह रंग मागा. तो न उकळता साध्या पाण्यातही धाग्याला कायमचा धरतो, फक्त त्याला धुण्याचा सोडा लागतो. खाण्याचा चालत नाही. लिटरभर पाण्याला साधारण 50 ग्रॅम सोडा, त्यात कापड वीस मिनिटं भिजू द्या, मग रंग. बादली प्लास्टिकची घ्या. अॅल्युमिनियमचं पातेलं सोडा खाऊन टाकतो. हातमोजे घाला, आणि पूड कालवताना नाकातोंडाला मास्क हवाच. ती छातीत जाणं बरं नव्हे.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): ओढणीवर बांधणीचे ठिपके करते, पण गाठी सोडल्या की नुसते डाग दिसतात.

विणकरांच्या वस्तीत राहणाऱ्यांना दोऱ्याचं मी काय सांगावं! पण चूक बहुतेक तिथेच असते. रबर बँडखाली रंग शिरतो. जाड सुती दोऱ्याला मेण चोळा, कापडाखाली मणी धरा आणि त्याच्या बुडाशी दोरा ताणून सात-आठ वेढे एकावर एक द्या. चणे नकोत, रात्रभर ओलाव्यात फुगतात. नवं कापड असेल तर आधी गरम पाण्यात साबणाने धुऊन खळ काढा.

आधी अख्खी ओढणी पिवळी करा, मग गाठी मारून लाल रंगात घाला. ठिपके पिवळे राहतील. गाठी सोडायची घाई करू नका. बांधलेलीच ओढणी थंड पाण्यात खळबळा, पाणी जवळजवळ निवळ आलं की दोरा कापा. आधी सोडली तर सुटा रंग ठिपक्यात उतरतो.

प्रश्न (खानापूर): आमच्याकडे पाऊस म्हणजे पाऊस! तेव्हा रंगवावं का?

खुशाल. रिअॅक्टिव्ह रंगाला ओलावा हवाच असतो, गारठा तेवढा चालत नाही. कापड प्लास्टिकमध्ये गुंडाळून स्वयंपाकघरात उबेला 24 तास ठेवा.

प्रश्न (चिक्कोडी): हळदीत रंगवलेलं उपरणं साबण लागताच लाल झालं, नंतर उन्हात रंगच उडाला.

हळद अशीच. साबणाने लाल होते, लिंबाने परत पिवळी, आणि ऊन तिला सोसत नाही. तुरटीनेही फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा कापड तुरटीच्या पाण्यात भिजवून डाळिंबाच्या सालींच्या काढ्यात घाला. गडद करडी छटा हवी तर गुळाच्या पाण्यात गंजके खिळे दोन आठवडे ठेवा आणि ते पाणी चमचा-दोन चमचेच वापरा. जास्त लोखंडाने सूत कुजतं.

प्रश्न (अथणी): आजीचं इरकल विटलंय. घरी रंगवू?

नको. अंग सुती, पदर रेशमाचा नाहीतर आर्ट सिल्कचा, म्हणजे नकली रेशमाचा. एकाच बादलीत दोघे वेगवेगळे रंग धरतील, आणि काठाचा लाल सुटला तर साडी हातची गेली.