अमेरिकेत हॉटेलात टिप द्यावीच लागते का? किती?

गुहागरहून मुलाकडे न्यू जर्सीला निघालात म्हणता, तर टिप द्यावी लागेल. कायद्याची सक्ती नाही, पण न देता उठलात तर मुलाला पुन्हा त्या हॉटेलात तोंड दाखवणं जड जाईल.

आपल्याला ते अंगवळणी पडत नाही. आमची मालवणात खानावळ आहे. वाढायला मी नाहीतर माझी जाऊ, मग टिप द्यायची कुणाला? तरी मुंबईकर बडीशेपच्या वाटीत वीसची नोट ठेवून जातात, ती पोरांच्या खाऊला. तिकडे मात्र वेटरचं घर त्यावर चालतं. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा किमान पगार केंद्रीय कायद्याने ताशी २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेवढाच. टिप धरूनही ताशी ७.२५ डॉलर, म्हणजे इतर कामगारांचा किमान पगार, भरले नाहीत तर उरलेले मालकाने घालायचे. न्यू जर्सीत हा आकडा जास्त आहे, तरी भिस्त टिपवरच.

टेबलावर आणून वाढलं तर १८ ते २० टक्के, तेही कर लागायच्या आधीच्या रकमेवर. चाळीस डॉलरच्या जेवणाला आठ डॉलर. रुपयांत गुणाकार करू नका, जेवण उतरणार नाही.

कार्ड दिलंत की वेटर ते घेऊन आत जातो. घाबरू नका. परत येताना कार्डासोबत पावती आणतो, तिच्यावर टिपची ओळ कोरी असते. तिथे आकडा लिहायचा, खाली बेरीज करून सही करायची. त्याआधी बिल नीट वाचा. पाच-सहापेक्षा जास्त माणसं असली तर बऱ्याचदा ‘ग्रॅच्युइटी’ (तिकडे टिपचंच दुसरं नाव) म्हणून १८ टक्के आधीच लावलेले असतात, त्यावर पुन्हा देऊ नका.

काउंटरवरून कॉफी घेतली की पैसे भरायच्या यंत्राचा पडदा तुमच्याकडे फिरवतात, त्यावर १८, २०, २५ टक्के दिसतात. तिथे ‘नो टिप’ दाबलं तरी चालतं. मी बिनदिक्कत दाबते.

विमानतळावर व्हीलचेअर घेणार असाल तर ढकलणाऱ्याला पाच डॉलर द्या. हॉटेलात मुक्काम केलात तर खोली साफ करणाऱ्या बाईसाठी रोज दोन ते पाच डॉलर ठेवा. म्हणून इथून निघताना सगळे शंभरचे डॉलर घेऊ नका, एक आणि पाचच्या थोड्या नोटा मागून घ्या.