३६ व्होल्टच्या मोटरला ४८ ची बॅटरी लावली तर जळेल का?

तुमच्या इलेक्ट्रिक सायकलची हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी) ३६ व्होल्ट ३५० वॅटची, सोबतचा कंट्रोलर (बॅटरीतून मोटरला वीज मोजून देणारा डबा) १५ अँपिअरचा, आणि आता ४८ व्होल्टची बॅटरी नि २२ अँपिअरचा कंट्रोलर घेऊन साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढायचाय, मोटर टिकेल का असं विचारलंय. माझं मत सांगतो, ४८ व्होल्टमुळे काही होत नाही, २२ अँपिअरमुळे होऊ शकतं, आणि लोक नेमकं उलटं धरून बसतात.

मोटरवरचा ३६ हा आकडा खरं तर स्पीडशी जोडलेला असतो. ब्रशलेस मोटर फिरायला लागली की ती स्वतःच उलट दिशेचं व्होल्टेज तयार करते, ते बॅटरीच्या जवळ पोचलं की स्पीड वाढायचा थांबतो, बस. चाक उचलून ३६ वर ताशी ३० किमी येत असेल तर ४८ वर ४० च्या आसपास येईल. वाइंडिंगच्या, म्हणजे मोटरमधल्या गुंडाळीच्या, तारेवरचा इन्सुलेशनचा थर (इनॅमल) शेकडो व्होल्ट सहन करतो, त्याला ३६ काय नि ४८ काय.

आता करंट. टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, येतो फेज करंटमधून (मोटरच्या तारांतून जाणारा करंट) आणि उष्णता वाढते करंटच्या वर्गाने, म्हणजे करंट दीडपट केला की तारा सव्वादोन पट तापणार. आणि इथेच सगळ्यांचा घोळ होतो, कारण कंट्रोलरवर लिहिलेले २२ अँपिअर हे बॅटरीकडून घेतलेले असतात, मोटरच्या तीन जाड वायरींत जाणारे नव्हेत. समजा तुम्ही चढावर हळू चाललाय, कंट्रोलर ४८ व्होल्ट कापून मोटरला सरासरी १२ च देतोय, तर बॅटरीतून १५ अँपिअर निघतात तेव्हा मोटरमध्ये ६० च्या जवळ जाऊ शकतात, कंट्रोलरची स्वतःची फेज लिमिट आडवी आली नाही तर. म्हणून मोटरी सपाट रोडवर पळवून जळत नाहीत, घाटात फुल थ्रॉटल देऊन ८-१० च्या स्पीडने रखडवल्या की जळतात.

अजून एक गंमत बघा. ८ टक्के चढ, सायकल-बॅटरी-माणूस मिळून ११० किलो धरले तर वर ओढायला साधारण ८६ न्यूटन जोर लागतो, हा जोर बॅटरी कितीची आहे ते विचारत नाही. म्हणजे तोच चढ कुठल्याही स्थिर स्पीडने चढताना फेज करंट दोन्ही बॅटऱ्यांवर जवळपास तोच, उलट ४८ वर स्पीड जास्त मिळतो म्हणून घाट लवकर संपतो. त्यामुळे मी असतो तर ४८ ची बॅटरी बिनधास्त घेतली असती आणि कंट्रोलर ४८ व्होल्टचाच पण १५ अँपिअरचा. तेवढ्यातही ७२० वॅट होतात, २२ वर हजाराच्या पुढे जाल, ते ३५० वॅटच्या हबला थोडा वेळच झेपेल.

कंट्रोलरचं मात्र बरोबर उलटं आहे, तिथे व्होल्टेज म्हणजे पक्की भिंत. ४८ ची म्हणतात ती १३ सेल सिरीजची बॅटरी फुल चार्ज झाली की ५४.६ व्होल्ट असते, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) १६ सेलची असेल तर ५८.४. जुनाच कंट्रोलर चालवायचा विचार असेल तर झाकण उघडून मोठ्या कपॅसिटरवरचा आकडा वाचा. ५० असेल तर विषय संपला. ६३ असेल तर बऱ्याचदा चालतो (मॉसफेटचं, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या आतल्या स्विचचं, रेटिंगही बघावं लागतं), पण ३६ वाल्याचा कट-ऑफ (बॅटरी उतरली म्हणून बंद व्हायचा आकडा) साधारण ३१ व्होल्टला असतो, १३ सेलमध्ये तो सेलमागे २.४ च्या खाली पडतो, म्हणजे बॅटरी वाचवायला फक्त बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं सेल जपणारं सर्किट, उरतो. मला ते पटत नाही. डिस्प्ले पण ४८ ला चालतो का बघून घ्या.

बीएमएस किती अँपिअरचा ते विक्रेत्याला विचाराच. २० चा असेल आणि कंट्रोलर २२ मागत असेल तर ऐन चढावर गाडी बंद पडू शकते. कंट्रोलरमधल्या शंटवर (करंट मोजायची जाड तार) सोल्डर चढवून करंट वाढवायचे व्हिडिओ बघितले असतील तर तो उद्योग करू नका, लिमिट किती झाली ते कुणालाच कळत नाही. छोट्या हबमध्ये वायर एक्सलमधून बाहेर येते तिथे फार बारीक असते, आधी तिचंच इन्सुलेशन वितळतं.

वर पोचल्यावर हबला हात लावून बघता येतं, पण आतलं वाइंडिंग बाहेरच्या कव्हरपेक्षा खूप जास्त गरम असतं, हात ठेववत नसेल तर उशीरच झालाय समजा. पेडल मारत चढा, स्पीड १५ च्या खाली जाऊ देऊ नका, जायला लागला तर थ्रॉटल सोडून दोन मिनिटं थांबा.

आणि हो, नियमाप्रमाणे २५० वॅट आणि ताशी २५ किमीच्या आतलीच गाडी बिना रजिस्ट्रेशन चालते. तुमची ३५० ची आत्ताच त्याच्या बाहेर आहे, ४८ वर तर स्पीडनेही जाईल, तेवढं बघून काय ते ठरवा.