मारिजुआना, मारिवाना की सरळ गांजा?

प्रश्न दुहेरी आहे: इंग्रजी मजकूर मराठीत आणताना 'मारिजुआना' लिहावे की 'मारिवाना', आणि मराठी शब्दच वापरायचा तर भांग की गांजा?

'मारिजुआना' हे निव्वळ अक्षरवाचन आहे. शब्द मेक्सिकोतल्या स्पॅनिशमधून इंग्रजीत आला. स्पॅनिशमध्ये 'जे' या अक्षराचा उच्चार घशातल्या 'ह'सारखा होतो, म्हणूनच आपण कॅलिफोर्नियातल्या शहराला सॅन होजे म्हणतो. याच शब्दाचे 'एच' घालून लिहिलेले रूपही जुने आहे. अमेरिकेच्या १९३७च्या करकायद्याच्या नावात तेच आहे. त्यात 'एच' मुका, पुढचे स्वर मिळून 'वा'. इंग्रजी उच्चारही 'मॅरिवाना'च्या जवळचा. तेव्हा मराठीत 'मारिवाना' लिहावे. मारिया आणि हुआना ही दोन नावे जोडून शब्द झाला, ही लोकव्युत्पत्ती समजावी.

अर्थाकडे मात्र नीट पाहायला हवे. मादी झाडाचे वाळवलेले फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, पाने म्हणजे भांग, राळ म्हणजे चरस. चिलमीत भरतात तो गांजा. घोटून दुधात घालतात ती भांग. विड्या-सिगारेटींत भरून ओढल्या जाणाऱ्या 'मारिवाना'ला म्हणून 'गांजा' हाच शब्द बसतो. बातमीत ही सरमिसळ फार महागात पडते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत शेंड्यांशिवायची नुसती पाने येत नाहीत. ज्याला जबर शिक्षा आहे ते गांजाचे 'व्यापारी प्रमाण' २० किलोंच्या वर धरतात, चरसचे १ किलोच्या वर. दोन किलो चरस पकडला आणि बातमीत 'गांजा' छापला, तर किमान दहा वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा वाचकाला बराच हलका भासतो.

'गांजा' आता इंग्रजी कोशांतही आहे. १८४५पासून भारतीय मजूर जमैकात गेले, त्यांच्यासोबत हा शब्दही गेला आणि तिथल्या बोलीत इतका रुजला की १९१३चा तिथला बंदीचा कायदा 'गांजा कायदा' म्हणूनच ओळखला जातो. जमैकाविषयीच्या मजकुरात त्यामुळे 'मारिवाना' तर अजिबात नको.

इंग्रजी 'हेम्प'चे (गांजाचे झाड किंवा त्याचा धागा) भाषांतर करताना आणखी एक खड्डा आहे. 'डेक्कन हेम्प' म्हणजे आपली अंबाडी, जिची भाजी आपण खातो. पाने थोडी गांजासारखी दिसतात, म्हणून तिच्या शास्त्रीय नावात 'कॅनाबिनस' आले. झाड मात्र जास्वंदीच्या कुळातले.