ठाण्याहून अकोल्याला आलोय. चार वर्षांची मुलगी पाणीच पीत नाही, आणि पाच महिन्यांच्या बाळाला वरचं पाणी द्यावं का?

ताई, माझं माहेर पनवेलचं, लग्नानंतर अकोल्यात आले, त्यामुळे तुमचा गोंधळ मला नेमका कळतो.

आधी बाळाचं. अंगावर पीत असेल तर सहा महिने पूर्ण होईपर्यंत वरचं पाणी अजिबात नको, मे महिन्यातही नको. दुधात बहुतांश पाणीच असतं. जास्त वेळा पाजा आणि तुम्ही स्वतः भरपूर पाणी प्या. शेजारच्या आजी वाटी-चमचा घेऊन येतीलच, त्यांना गोड बोलून परत पाठवा.

आता मुलीचं. ठाण्यात घाम अंगावरून निथळतो, म्हणून पाणी जातंय हे दिसतं. इथे हवा इतकी कोरडी की घाम आला तसा वाळतो. पोर दोन तास अंगणात खेळून येतं आणि फ्रॉक कोरडा! पाणी मात्र गेलेलं असतं. त्यामुळे घामावर जाऊ नका, तहान लागायचीही वाट बघू नका. शू बघा. फिकट पिवळी आणि दर तीन-चार तासांनी होत असेल तर ठीक. गडद पिवळी, कमी, किंवा सहा तास झालीच नाही तर पाणी कमी पडतंय.

भरलेला पेला समोर धरला की मुलं तोंड फिरवतात. माझा मुलगा तसाच होता. मी त्याच्या छोट्या स्टीलच्या फुलपात्रात चार-पाच घोट घालून अर्ध्या-पाऊण तासाने द्यायचे, खेळ न थांबवता. पातळ ताक, पन्हं, लिंबू सरबत, टरबूज (तुमचं कलिंगड) हे सगळं चालतं. कोल्ड्रिंक आणि डब्यातले ज्यूस नकोत. अकरा ते चार बाहेर खेळणं बंद, मग ती कितीही रडो.

ओआरएसबद्दल (जुलाबात द्यायचं मीठ-ग्लुकोजचं पाणी) जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मी स्वतः घोळ घातलाय. मुलाला जुलाब लागले तेव्हा लीटरभर पाण्याचं पाकीट मी पेलाभर पाण्यात कालवलं. घट्ट म्हणजे जास्त ताकद, असं वाटलं! त्याला उलटी झाली आणि डॉक्टरांनी मला चांगलंच झापलं. मीठ आणि ग्लुकोज ठरावीक प्रमाणात असले तरच आतडं पाणी नीट शोषून घेतं. फार घट्ट झालं तर उलट आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. अख्खं पाकीट, पाकिटावर लिहिलेलं तेवढंच पाणी, आणि २४ तासांनंतर उरलेलं ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लीटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साधी ग्लुकोज पावडर म्हणजे ओआरएस नव्हे. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने द्या. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले होते, तेव्हा साधं पाणी म्हणून याला कमी लेखू नका. पण रोजचं सरबत म्हणूनही देऊ नका.

रडताना डोळ्यांत पाणी नाही, जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले, बाळाची टाळू आत ओढल्यासारखी, पोर मलूल, किंवा घोटभरही पोटात टिकत नाही, असं काही दिसलं तर घरचे उपाय बंद, थेट दवाखाना. अंग तापून बडबड सुरू झाली किंवा शुद्ध हरपली तर सावलीत घेऊन ओल्या कापडाने अंग पुसत, वारा घालत न्या. शुद्धीत नसताना तोंडात पाणी ओतायचं नाही.

आणि कूलरच्या खोलीत खिडकी थोडी उघडी ठेवा. नाहीतर त्या एका खोलीत पनवेल होतं.