लॉगिन कुणाच्या नावावर?

पत्र: ताई, आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. मुलगी अकरावीत, म्हणजे इथली ज्युनिअर. एपी केमिस्ट्री, एपी कॅल्क्युलस एबी आणि एपी यूएस हिस्ट्री असे तीन एपी, म्हणजे शाळेतच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय, घेतलेत. मार्चमध्ये एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीची 1600 गुणांची परीक्षा आहे. नोव्हेंबरपासून एक रविवार सोडून एक रविवार ब्लूबुकवर, म्हणजे या परीक्षेच्याच ॲपवर, पूर्ण प्रॅक्टिस टेस्ट देते. आतापर्यंत 1380, 1400, 1370, 1390. पुढे सरकतच नाही. मी माझ्याकडून काही कमी ठेवलेलं नाही. परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचं अकाउंटही माझ्याच ईमेलवर उघडलंय, तिला पासवर्डची वगैरे कटकट नको म्हणून. टेस्ट संपली की निकाल मी बघते, चुका एक्सेलमध्ये उतरवते, कच्चे टॉपिक लाल करते आणि रात्री तिला समजावून सांगते. ती "हं, हं" करते आणि मोबाइलमध्ये डोकं घालते. पीएसएटीत, म्हणजे एसएटीच्या आधीच्या शाळेतल्या परीक्षेत, नॅशनल मेरिट शिष्यवृत्ती हुकल्यासारखीच आहे, त्याचंही तिला काही नाही. हे म्हणतात, "जाऊ दे, रटगर्सला जाईल," म्हणजे इथल्या राज्य विद्यापीठात. पुण्यात माझ्या बहिणीचा मुलगा जेईईसाठी पहाटे पाचला उठतो. हिला जबाबदारीची जाणीव कशी करून द्यावी?
— एक आई

उत्तर: जाणीव नंतर. आधी जबाबदारी तिच्या हातात तर द्या. ती सध्या तुमच्या इनबॉक्समध्ये पडून आहे.

अकाउंट तुमच्या ईमेलवर आहे हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात, थोडं कौतुकानेच. माझ्या मते सगळी गाठ तिथे आहे. मुलगी 2 तास 14 मिनिटं टेस्ट देते आणि उठते. त्यानंतर जे उघडतं, म्हणजे प्रत्येक प्रश्न, तिने निवडलेला पर्याय, बरोबर उत्तर आणि त्याचं स्पष्टीकरण, ते तुमच्यासमोर उघडतं. एसएटीच्या तयारीत स्कोअर वाढवणारा भाग हाच. नुसत्या टेस्टने फक्त स्कोअर मोजला जातो. तुमच्या घरी मोजून घेते मुलगी आणि अभ्यास करते आई. आज तुम्ही परीक्षेला बसलात तर 1390 च्या वर जाल याची मला खात्री आहे.

बरं, तुमची शीट कितीही रंगीत असली तरी तिच्यात निम्मी माहिती येऊच शकत नाही. रीडिंग-रायटिंगचे 54 आणि गणिताचे 44 प्रश्न. त्यातले किती तिने दोन पर्यायांत अडकून, अंदाजाने टिचकी मारून बरोबर आणले? तुमच्या शीटवर ते हिरवे दिसतात. प्रत्यक्षात ते पुढच्या वेळी चुकणारे प्रश्न आहेत आणि ते कोणते हे जगात फक्त एका व्यक्तीला माहीत आहे. उलटही होतं. गणितात काही प्रश्नांना पर्याय नसतात, उत्तर टाइप करावं लागतं. समजा उत्तर साडेतीन आलं. तिथे 3.5 किंवा 7/2 लिहायचं असतं. घाईत 3 आणि 1/2 शेजारी शेजारी टाइप केलं तर संगणक ते 31/2 असं वाचतो, आणि गुण गेला. तुमच्या शीटमध्ये हे "अल्जिब्रा" म्हणून लाल होणार, आणि रात्री तुम्ही तिला येणारं अल्जिब्रा पुन्हा शिकवायला बसणार. मग ती "हं, हं" नाही करणार तर काय करणार?

आणखी एक गोष्ट. या परीक्षेत प्रत्येक विभागाचे दोन भाग असतात आणि पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा सोपा मिळणार की कठीण ते ठरतं. सोपा मिळाला की तो सगळा बरोबर आला तरी स्कोअरला वरून झाकण बसतं. 1370 ते 1400 मिळवणाऱ्या मुलीला बहुधा दोन्हीकडे कठीण भाग मिळतोय. म्हणजे पाया पक्का आहे. राहिल्यात त्या वाचनातल्या घाईच्या, वेळेच्या आणि अंदाजाच्या चुका. नेमक्या या चुका बाहेरच्या माणसाला दिसत नाहीत. आणि 30-40 गुणांचा चढउतार या परीक्षेत असतोच, तेव्हा तुमचे चारही आकडे एकच समजा.

तर या शनिवारी, रविवारची वाट न बघता, अकाउंट तिच्या नावे करा. नवीन उघडू नका. दोन अकाउंट झाली की पीएसएटी एकीकडे, एसएटी दुसरीकडे, आणि ती एकत्र करायला कस्टमर सर्व्हिसच्या मागे लागावं लागतं. आहे त्याच अकाउंटच्या सेटिंगमध्ये जाऊन ईमेल बदलायचा. तिचा शाळेचा ईमेल घालू नका, शाळा सुटली की तो बंद होतो. स्वतःचा खासगी हवा. पासवर्ड ती ठरवेल. तुम्ही तेव्हा खोलीत नसलेलं बरं. एक्सेल शीट तिला पाठवू नका, पुसून टाका. एवढी मेहनत पुसताना जिवावर येईल, तरी पुसा.

हे मी केवळ तत्त्व म्हणून सांगत नाही. पीएसएटी शाळेत झाली, तेव्हा साइन-इनची चिठ्ठी शाळेने हातात दिली असेल. शनिवारच्या एसएटीला ज्याने त्याने आपल्या कॉलेज बोर्ड अकाउंटनेच ब्लूबुकमध्ये शिरायचं असतं. मार्चमधल्या त्या सकाळी तुम्ही पार्किंगमध्ये असाल, तिचा फोन तिच्याजवळ नसेल आणि पासवर्ड तुमच्या डोक्यात असेल.

आता तिच्यासाठी, आणि हा परिच्छेद तिला स्वतःला वाचू द्या. पुढची टेस्ट लगेच नको. ब्लूबुकमध्ये त्या मोजक्याच आहेत आणि चार खर्च झाल्यात. आधी त्या चारमधले चुकलेले प्रश्न उत्तर न बघता पुन्हा सोडव. एका वहीत तीन रकाने: प्रश्न कशाबद्दल होता, मी ते चुकीचं उत्तर का निवडलं, पुढच्या वेळी काय करीन. मधला रकाना खरा. "सिली मिस्टेक" हे कारण चालणार नाही. 2x विचारलं होतं आणि मी x काढून थांबले, असं लिही. तोच प्रकार तीनदा आला की कॉलेज बोर्डाच्या फुकट क्वेश्चन बँकेतून त्या प्रकारचे दहा-पंधरा कठीण प्रश्न काढ. तिथे प्रॅक्टिस टेस्टमध्ये असलेले प्रश्न वगळायची सोय आहे, ती वापर, म्हणजे पुढच्या टेस्ट कोऱ्या राहतील. आठवड्याने वहीतले प्रश्न परत. टेस्ट तीन आठवड्यांतून एक पुरे, आणि ती देताना ज्यांचा अंदाज मारलास त्यांचे नंबर रफ कागदावर टिपून ठेव. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आई, वही मागायची नाही.

पहिले दोन आठवडे ती बहुधा काहीच करणार नाही. तुमचे हात शिवशिवतील. मार्चमध्ये पुन्हा 1390 आले तरी आभाळ कोसळत नाही. मेची एसएटी एपीच्या परीक्षांना येऊन भिडते, ती सोडून द्या. जूनची आहे, ऑगस्टची आहे, दोन्ही अर्जांच्या आधी. बरीच कॉलेजं वेगवेगळ्या वेळचे दोन विभागांतले सर्वोत्तम गुण जोडून घेतात. एमआयटी, जॉर्जिया टेक स्कोअर मागतात. कॅलिफोर्नियाची यूसी विद्यापीठं तो बघतही नाहीत. अकरावीच्या ग्रेड मात्र सगळीकडे बघतात, कारण अर्ज करताना हातात असलेलं ते शेवटचं पूर्ण वर्ष असतं. केमिस्ट्रीचा लॅब रिपोर्ट आणि प्रॅक्टिस टेस्ट एकाच रविवारी आले तर टेस्ट पुढे ढकलायची, आणि ते तिने ठरवायचं. वसंतात शिक्षकांकडे शिफारसपत्र मागायचं असतं, तेही तिने, वर्गात समोर उभं राहून. तुमचा ईमेल गेला की शिक्षकाला मुलीविषयी नको ते कळतं.

नॅशनल मेरिटचा कटऑफ राज्यागणिक वेगळा असतो, न्यू जर्सीचा देशातल्या सर्वांत वरच्यांपैकी, आणि तिच्या वर्गाचा पुढच्या सप्टेंबरमध्ये जाहीर होईल. तोवर विषय बंद. भाच्याचं नाव तर घरात काढूच नका. जेईई ही वेगळी परीक्षा आहे आणि तो वेगळा मुलगा. आणि "रटगर्सला जाईल" हे तुम्ही दोघं शिक्षा सुनावल्यासारखं म्हणता ते थांबवा, तिला ऐकू येतं.

तुम्हाला कामच हवं असेल तर आहे. ब्लूबुक विंडोज, मॅक किंवा आयपॅडवर चालतं, घरच्या क्रोमबुकवर नाही. शाळेने दिलेलं क्रोमबुक चालतं. यातलं काय न्यायचं ते आजच विचारा. परीक्षेच्या आधीच्या पाच दिवसांत तिला ब्लूबुकमध्ये एक्झाम सेटअप करून प्रवेशपत्र काढायचं आहे, याची एकदा आठवण द्या. एकदाच. लॅपटॉप पूर्ण चार्ज, फोटो ओळखपत्र, दहा मिनिटांच्या सुट्टीसाठी काहीतरी खायला. पावणेआठला केंद्रावर पोचवा, आठला दारं बंद होतात. गाडीत फॉर्म्युले विचारू नका.

निकाल साधारण दोन आठवड्यांनी येतो. यंदा तो तुमच्या ईमेलवर येणार नाही. ती सांगेल तेव्हा कळेल, कदाचित दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी शाळेत असताना मेसेज करू नका.