वय ४४, इंटर्न आर्किटेक्ट

तू विचारलंस, कॅनडाचा पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, हातात आलाय, बडोद्यातलं, अकोट्यातलं पाच माणसांचं ऑफिस बंद करून टोरंटोला यावं का? व्हिसा, बँक, घरभाडं हे तू वाचलंच असशील. तुझा प्रश्न वाचून काल झोप उडाली, म्हणून लिहितोय.

माझंही ऑफिस होतं, बडोद्यातच, दांडिया बाजारात, सहा जणांचं. रजाचिठ्ठीपासून, म्हणजे बांधकामाच्या परवानगीपासून, बीयू म्हणजे इमारत वापरायची परवानगी मिळेपर्यंत सगळीकडे माझी सही. इथे ऑन्टारियो प्रांतात लायसन्स नसताना स्वतःला आर्किटेक्ट म्हणवताच येत नाही, कायद्यानेच. मग ईमेलखाली काय लिहायचं? ‘इंटर्न आर्किटेक्ट’. ३७२० तासांच्या अनुभवाची नोंद ठेवायची, कुठल्या कामाला किती तास ते सगळं, आणि तिच्यावर सही करणारा माझा साहेब ३१ वर्षांचा. पोरगा चांगला आहे, त्याचा काय दोष. कामही उलटं. बडोद्यात जन्म गेला पश्चिमेचं ऊन अडवण्यात, इथे भिंतीतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून धडपड. गेले चार महिने मी फक्त दारांची यादी करतोय. दार, चौकट, बिजागरी, कुलूप.

कागदांचं मात्र नीट ऐक. डिग्री तपासायला मार्कशीटं विद्यापीठाने परस्पर पाठवायची असतात, सीलबंद. आमच्या विद्यापीठातल्या क्लार्कने पाकीट भावाच्या हातात दिलं, तेही उघडं. परत. पुढच्या वेळी सील होतं, शिक्का नव्हता. परत. सात महिने गेले. निघण्याआधी तू स्वतः त्या खिडकीपाशी उभा राहा. आणि भारतातल्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन थकवू नकोस.

मुलीचं अजून सलतं. इंग्रजी मीडियममध्ये पहिल्या तिनात असायची. इथल्या शाळेत तिला एक चित्र दाखवलं, त्यातली बर्फ घासणारी गाडी तिला ओळखता येईना. इंग्रजी कच्चं म्हणून वेगळ्या वर्गात बसवली, दीड वर्ष. बडोद्याच्या पोरीने ती गाडी बघायची कुठे, सूरसागर तळ्यावर? पण हे मला घरी येऊन सुचलं. तिथे मी शेजारच्या खुर्चीत गप्प बसलो होतो. साइटवर चुकलेला कॉलम ठेकेदाराला तोडायला लावणारा मी.

एकटेपणाचं म्हणशील तर मंडळ आहे, गणपती बसतो, सेवउसळ घरी जमते. पुढे.

ऑफिसचं खरं सांगू? ‘दोन वर्षांत येतो’ असं माणसांना सांगून निघालो. पाच झाली. ती सगळी केव्हाच दुसरीकडे लागली, पण जागेचं भाडं मी अजून भरतो आणि बोर्ड तसाच आहे. बायकोला वाटतं, जागा कधीच सोडली. त्यामुळे बंद कर की ठेव, हे मला विचारू नकोस. बंद करायचंच असेल तर स्वतःच्या हाताने कुलूप लावून, किल्ली मालकाला देऊन ये, एवढं सांगेन.

माझा जुना मिस्त्री अजून फोन करतो. तिथे सकाळचे दहा, इथे मध्यरात्र. “साहेब, पगथियुं छ इंचनुं लउं के साडा छनुं?” पायरी सहा इंचाची घेऊ की साडेसहाची, एवढंच विचारायचं असतं. साइट माझी नसते, ड्रॉइंगही दुसऱ्याचं. मी अंधारात उठून बसतो, मजल्याची उंची विचारतो आणि बोटांवर पायऱ्या मोजायला लागतो.